बपेऱ्याहून येणारी कोच

मी शाळेत विज्ञान शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की नववीचा वर्ग मैदानाला लागून आहे आणि वर्षातून एक-दोनदा त्याची काच फुटते. त्यामुळे मार्च संपत आला असताना मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून उन्हाळी फुटबॉल शिबिराचं काम माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. वाटलं, दारात दुसरं कोणी उभं असेल.

आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा रिकामीच होती. पावसाळा लागला की शालेय स्पर्धा सुरू होतात. उन्हाळ्यात सराव झाला नाही तर आमची मुलं भंडाऱ्याला जाऊन पहिल्याच सामन्यात हरून, वडापाव खाऊन परत येतात. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्हाला खेळ शिकवायचा नाही. कोणी कोणत्या दिवशी यायचं, एवढंच बसवायचं. वेळापत्रक तुमच्यासारखं कोणाला जमतं?"

शाळेचं वेळापत्रक मी बसवते, हे खरं. पण शाळेतले शिक्षक शाळेत असतात. ते पगार घेतात, सही करतात, नाही आले तर कारण सांगतात. शिबिराला येणारे लोक कुठून आणायचे आणि ते रोज येतील याची खात्री कोणाकडे मागायची, हे मुख्याध्यापकांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरी आले आणि त्या दिवसापासून माझं एका जागी बसणं संपलं. भाजी फोडणीला टाकून मी फोन घेऊन फाटकापर्यंत जायची, तिथून परत यायची, तोवर कांदा काळा झालेला असायचा. नवरा म्हणायचा, बस जरा. मी बसायची आणि बसल्या बसल्या पुन्हा कोणाला तरी फोन लावायची.

तुमसरला एप्रिलमध्ये मैदान तुमच्या हाती येतं ते उजाडल्यावर थोडा वेळ आणि सूर्य मिलच्या चिमणीआड गेल्यावर थोडा वेळ. मधला सगळा दिवस उन्हाचा. म्हणजे सकाळची एक पाळी, संध्याकाळची एक. संध्याकाळच्या पाळीला माणूस लवकर मिळाला. एका राइस मिलमध्ये मुनीम आहेत. कॉलेजात असताना ते विद्यापीठाच्या संघात खेळले होते आणि त्यांचे बूट अजून मिलच्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या खाली असतात, असं त्यांनीच मला सांगितलं. मुलांची संध्याकाळ त्यांनी घेतली. अट एकच. उन्हाळी धान मिलवर यायला लागलं की आपल्याला धरायचं नाही.

सकाळसाठी मी निवृत्त सरांकडे गेले. आमच्या भागात सर म्हटलं की लोकांना तेच आठवतात. ते बाजेवर बसून रेडिओ दुरुस्त करत होते. माझं बोलणं अर्धं व्हायच्या आतच म्हणाले, येतो. निवृत्त झाल्यापासून कोणी बोलावेल म्हणून ते वाट पाहत असावेत. कोणी बोलावलं नव्हतं, आणि आपण होऊन मैदानावर जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

राहिल्या मुली. मुलींचा संघ कागदावर होता. प्रत्यक्षात पंधरा-वीस मुली खेळायला तयार होत्या आणि त्यांच्या घरचे एकच प्रश्न विचारत होते, लेडीज कोण आहे? सर आहेत, असं सांगितलं की पलीकडून आई म्हणायची, सर चांगले आहेत मॅडम, पन लेडीज कोन आहे?

मग लेडीज म्हणून मीच उभी राहिले. पंजाबी ड्रेस, पायात चालायचे बूट, डोक्यावर नवऱ्याची टोपी, गळ्यात शिटी. आदल्या दिवशी मोबाइलवर पाहिलेले व्यायाम मी सकाळी मुलींकडून करून घ्यायची. मैदानाला फेऱ्या मारायला लावायची. चेंडू एकीकडून दुसरीकडे द्यायला लावायची. तो दिल्यावर पुढे काय करायचं, हे मला माहीत नसायचं. आठवडाभर असं चाललं. मग एका मुलीने फार अदबीने विचारलं, "मॅडम, आज पण पळायचंच आहे का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी दोघी आल्या नव्हत्या, दुसऱ्या दिवशी चौघी आल्या नाहीत. मी घरी जाऊन जुन्या विद्यार्थिनी आठवायला लागले आणि एकदम मला ती आठवली.

ती आमच्या शाळेची गोलकीपर होती. मूळची साकोलीकडच्या एकोडीची, धानाची शेती असलेल्या घरातली. शिकायला तुमसरला मामाकडे राहायची. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. तिचे तळवे मोठे होते, प्रयोगशाळेत काचेची नळी तिच्या हातात काडीसारखी दिसायची. विज्ञानात ती जेमतेम पास व्हायची. पण तिचा सामना असला की शाळेचे शिपाईसुद्धा कुलपं लावून बघायला यायचे. बारावीनंतर तिचं लग्न झालं, बपेऱ्याला. तुमसरहून वर सरळ गेलं की मध्य प्रदेशच्या हद्दीच्या अलीकडचं गाव.

मी आनंदाने सरांना सांगायला गेले. ते चेंडूत हवा भरत होते. पंपाचा दांडा वर-खाली करायचा थांबला.

"आना तिले," ते म्हणाले. "पन ती येईल त्या दिवशी मी येत नाई."

मी विचारलं, काहून? त्यांनी आधी चेंडू दाबून पाहिला, बाजूला ठेवला, मग सांगितलं. तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती. लग्नाची तारीख नेमकी त्याच दिवसांत निघाली. सर बस बदलत एकोडीला गेले, तिच्या वडिलांना म्हणाले, लग्न एक हंगाम पुढे ढकला. वडील सज्जन माणूस. त्यांनी चहा दिला, धानाचं, तलावातल्या पाण्याचं बोलले, आणि पत्रिका वाटून झाल्या आहेत असं हात जोडून सांगितलं. ती दाराआड उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

"एक शब्द बोलली असती त मी भांडलो असतो," सर म्हणाले. "मंग मी कोनासाठी भांडू?"

एवढी वर्षं ते रागावून होते. ती शाळेजवळून गेली तरी ते मान वळवायचे, हे मला नंतर मुनीमांकडून कळलं. मी वाद घातला नाही. वाद घालायला मला वेळही नव्हता. वही काढून मी सरांना सोमवार, बुधवार, शुक्रवार दिले आणि मुलींसाठी मंगळवार, गुरुवार, शनिवार ठेवले. मुलींची कोच अजून बपेऱ्याला होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिचा जुना नंबर लागला नाही. रविवारी मी बसने निघाले. बसमध्ये लग्नाचं वऱ्हाड होतं, खिडकीतून गरम वारा येत होता आणि मी दर थांब्याला उठून बघत होते. कंडक्टर म्हणाला, बाई, बपेरा आला की मी सांगतो, तुम्ही बसा. तरी मी दोनदा उठलेच.

घर सापडायला त्रास झाला नाही. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास सगळ्या गल्लीत होता. सासू फुलांतला कचरा वेचत बसली होती. मी शाळेतली बाई म्हटल्यावर तिने पाणी दिलं, खाट पुढे केली. सून आतून आली. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. मला पाहून ती हसली, पण माझं येण्याचं कारण ऐकल्यावर तिचं हसू थांबलं आणि ती सासूकडे पाहत उभी राहिली.

मी सासूलाच सगळं सांगितलं. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी दोन तास, फक्त मुली. शाळेकडून येण्याजाण्याचा खर्च मिळेल. मी स्वतः मैदानावर असते.

सासू ऐकत होती आणि वेचत होती. शेवटी म्हणाली, "तिले कायले नेऊन राहिल्या बाई? लेकरू आहे तिले. आता थोडी खेळीन ते."

मी म्हटलं, तिला खेळायचं नाही, शिकवायचं आहे.

"शिकवाले का येते तिले?"

या प्रश्नावर मला जे सुचलं ते मी बोलले. म्हटलं, आई, तिला जे येतं ते आमच्या अख्ख्या शाळेत कोणाला येत नाही. मलाही येत नाही. म्हणून मी एवढ्या उन्हात इथे आले.

सासूने सुनेकडे पाहिलं. सून मुलीच्या पायातला पैंजण नीट करत होती. तिचा नवरा नागपूरला एका गोदामात कामाला होता, पंधरा दिवसांनी यायचा. त्याला विचारू, असं सासू म्हणाली आणि माझ्यासाठी आंब्याचा पना करायला आत गेली. त्या वेळात सून काही बोलेल असं मला वाटलं. ती बोलली नाही. मी सरांचं सांगणं आठवून आतल्या आत चिडायला लागले.

परत निघाले तेव्हा ती मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस येताना दिसली, माझा पाय पायरीवर होता, तेव्हा तिने खालच्या आवाजात सांगितलं, "मॅडम, सकाळची पयली बस साडेपाचले निंगते."

दोन दिवसांनी सासूचा फोन आला. लेक हो म्हणाला होता. पण सासूची स्वतःची अट होती. सून एकटी येणार नाही, मी पण येतो आणि लेकराला सांभाळतो.

अशी आमच्या शिबिराला दोन माणसं एका बसने यायला लागली, आणि एक कडेवरचं.

पहिल्या मंगळवारी मी बसस्टँडवर त्यांच्या आधी पोहोचले. बस आली, त्या उतरल्या, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बुधवारी सकाळपासून पुन्हा चढायला लागलं. गुरुवारी बस चुकली तर? बाळाला ताप आला तर? सासूचे गुडघे दुखले तर? मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या सकाळी मी चहा उभ्यानेच प्यायची. एकदा गाडी रस्त्यात बंद पडली आणि त्या दोघी धानाच्या ट्रॅक्टरवर बसून आल्या. मैदानावर मुली ओळीने उभ्या होत्या आणि मी फाटक ते रस्ता, रस्ता ते फाटक चालत होते. ट्रॅक्टर थांबला, सासू आधी उतरली आणि मलाच म्हणाली, बाई, जरा बसा ना, तुमचंच डोकं तापून राहिलं.

शिकवायला तिला येत होतं. पहिल्या दिवशी ती नवऱ्याचे कॅनव्हासचे जोडे घालून आली, पुढे कापूस कोंबलेला. ओढणी कमरेला बांधली आणि गोलपोस्टात उभी राहिली. मुलींनी आधी हळूच चेंडू मारले, वहिनीला लागेल म्हणून. तिने दोन-तीन नुसते पायाने थांबवले. मग एकीने खरंच जोरात मारला आणि तो चेंडू तिच्या दोन्ही हातांत बसला. त्याचा आवाज ऐकून मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यानंतर तिला कोणी वहिनी म्हटलं नाही.

मुलींना पडायची भीती वाटते, हे तिने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. आमचं मैदान एप्रिलमध्ये विटेसारखं कडक असतं, पडलं की कोपर सोलतं. तिने मला विचारलं, मिलमधून कोंडा मिळेल का? मुनीमांनी धानाचा कोंडा भरलेली पोती ठेल्यावरून पाठवली. ती पोती गोलपोस्टासमोर आडवी अंथरून ती एकेकीला त्यांच्यावर पडायला लावायची. आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा. सगळ्यांना हसू यायचं, कोंडा केसांत जायचा, अंगाला खाज सुटायची. पण आठवड्याभरात मुली डोळे न मिटता पडायला लागल्या.

सासू चिंचेच्या झाडाखाली बसायची. सुरुवातीला ती पाठ करून, नातीकडे बघत बसायची. मग तोंड मैदानाकडे झालं. मग तिला मुली ओळखू यायला लागल्या. कोणती उपाशी आली, कोणती पाय ओढते, कोणती कोणाला मुद्दाम चेंडू देत नाही. मुलींनी तिला आजी म्हणायला सुरुवात केली. रांजणातलं पाणी कोणी कधी प्यायचं तेही तीच ठरवायला लागली.

सरांची आणि तिची गाठ मी पडू दिली नाही. सर आपल्या दिवशी यायचे, पोत्यांकडे बघायचे, कोणी आणली विचारायचे नाहीत. फक्त एकदा त्यांनी एक पोतं उचलून पोस्टाच्या आणखी जवळ सरकवून ठेवलं.

मे महिना लागला. एका शनिवारी सराव संपल्यावर सासू माझ्याजवळ आली आणि म्हणाली, सोमवारपासून पानं सुरू होऊन राहिली. तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेच जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या ठिकाणी, मोजून द्यायचे. दहा-बारा दिवसांचं काम, पण वर्षाची त्यावर भिस्त असते. घरातले सगळे लागतात. मला वाईट वाटत होतं आणि सासूलाही वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सून बाजूला उभी राहून मुलीच्या केसांतला कोंडा काढत होती.

त्याच संध्याकाळी मुनीमांचा फोन. उन्हाळी धानाचे ट्रॅक्टर लागले, आता आठवडाभर जमणार नाही. रविवारी सरांनी सांगितलं, भाचीचं लग्न आहे गोंदियाकडे, बुधवारशिवाय येत नाही. म्हणजे पुढच्या आठवड्यात मुलींसाठी माझ्याकडे कोणीच नव्हतं. मी जुने विद्यार्थी, शेजारच्या शाळा, पोलीस भरतीच्या तयारीला मुलं पळवणारा एक मुलगा, सगळ्यांना फोन केले. कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा. मुख्याध्यापक म्हणाले, आठवडाभर बंद ठेवा. पण मला ठाऊक होतं, एकदा बंद ठेवलं की मुली मामाच्या गावाला जातील, पुढे नवतपा येईल, त्या नऊ दिवसांत बाहेर कोणी पाय ठेवणार नाही, आणि शिबिर तिथेच संपेल. मुलांचं निभावलं असतं. ते आपापले येऊन खेळतात. मुलींना मात्र कोणीतरी येणार आहे हे सांगावं लागतं. मी त्या रविवारी घरात इतकी फिरले की शेवटी नवऱ्याने स्कूटरची किल्ली हातात दिली आणि म्हणाला, जा, मैदानावरच फिर.

मंगळवारी सकाळी मी मैदानावर गेले. बसस्टँडवर जायचं काही कारण नव्हतं. मुली आल्या होत्या, कोण येणार विचारत होत्या, मी म्हटलं बघू. शिटी गळ्यात घातली आणि आज यांना पळवायचं की काय करायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात एका मुलीने रस्त्याकडे हात केला.

ती येत होती. एकटी. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी, पायात तेच नवऱ्याचे जोडे.

मी जवळजवळ धावत गेले. सासूबाई कुठे आहेत, विचारलं. त्या जंगलात गेल्या, ती म्हणाली. आणि चालता चालता तिने सांगितलं. काल जेवताना ती सासूला म्हणाली होती, सकाळी मी तुमसरला जाऊन येतो, दुपारी येऊन रात्रीपर्यंत पुडे बांधतो, पन पोरींची सकाळ मोडायची नाई. सासूने आधी भात संपवला, हात धुतले. मग म्हणाली, लेकराची टोपी नेजो, ऊन आहे.

मी तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली.

पण सासू नाही म्हणजे बाळाला धरायचं कोणी? मी पुढे झाले. त्या मुलीला मी आवडत नव्हते, किंवा तिला आईच हवी होती. मी कडेवर घेतलं की ती पाठीची कमान करायची, खाली ठेवलं की सरळ मैदानात चेंडूमागे. दोनदा मी तिला ओढून आणलं. तिसऱ्यांदा एका मुलीने मारलेला चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आई गोलपोस्टातून धावत आली, मुलीला उचललं, पुन्हा माझ्या हातात दिलं. तिच्याकडे बघून मला कळलं की ती आता म्हणणार, मॅडम, मी जातो.

त्याच वेळी फाटकाची कडी वाजली. सर आत आले. लग्नाचा नवा सदरा अंगात होता, हळदीचा डाग खांद्यावर. लग्न आदल्या दुपारीच लागलं होतं, मुनीमांकडून फोनवर त्यांना कळलं होतं की मैदानावर कोणी नाही, म्हणून ते सकाळच्या गाडीने परत आले होते. तिला पाहून ते थबकले. मी मनात म्हटलं, झालं. हे आता परत जातील, ती पण जाईल.

सर सरळ माझ्याकडे आले. माझ्या हातातून मुलीला घेतलं. तिने त्यांच्याही अंगावर पाठ ताठ केली, पण सरांनी खिशातली शिटी काढून तिच्या हातात दिली आणि ते चालायला लागले. मैदानाच्या कडेकडेने, झाडांच्या सावलीतून, एक फेरी, मग आणखी एक. मुलगी शिटी फुंकत होती. कोणाला थांबायचं, कोणाला पळायचं कळेना, मुली हसायला लागल्या. गोलपोस्टात उभी असलेली तिची आई त्यांच्याकडे बघत होती. एकीने तेवढ्यात चेंडू मारला आणि तो तिच्या डावीकडून जाळीत गेला.

सर थांबले नाहीत. सराव संपेपर्यंत ते चालतच राहिले. ऊन वर आलं, मुली रांजणाकडे गेल्या, तेव्हा ते तिच्याजवळ गेले. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं.

"डावीकडे अजून उशिरा पडतेस," ते म्हणाले.

"हो सर."

"जोडे मोठे आहेत."

"हो सर."

त्यांनी मुलगी तिच्या हातात दिली. एवढंच बोलणं झालं. ती बसला गेली, तिला दुपारी पुडे बांधायचे होते. सर आणि मी फाटकाकडे निघालो. मी त्यांना काल तिच्या घरी काय झालं ते सांगितलं. ते चालता चालता थांबले.

"ती बोलली?"

मी म्हटलं, हो, स्वतःच.

त्यांनी मिलच्या चिमणीकडे पाहिलं. धूर सरळ वर जात होता, वाराच नव्हता. मग म्हणाले, "मॅडम, ते वार-बिर काढून टाका. मी रोज येतो."

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं मला म्हणता येणार नाही. पानांच्या त्या दिवसांत ती आपल्या तिन्ही सकाळी कशी येत होती मला कळत नाही. तिचे हात तेंदूपानांच्या रसाने काळे झालेले असायचे. एक दिवस ती सावलीत बसल्या बसल्या झोपली आणि सरांनी कोणाला शिटी वाजवू दिली नाही. बाळाला आता मैदानावर सरच हवे असायचे, त्यामुळे मुलांच्या पाळीलाही त्यांच्या कडेवर कोणी नसलं की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. पानांचा हंगाम संपून सासू परत आली तेव्हा नातीने तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. सासूला ते लागलं. दोन दिवस ती सरांशी नीट बोलली नाही. मग तिनेच घरून कुरड्या आणल्या आणि पहिल्यांदा सरांच्या हातावर ठेवल्या.

नवतप्याच्या आदल्या दिवशी आम्ही शिबिर थांबवलं. मला वाटलं होतं, त्या रात्री मी गाढ झोपेन. सकाळी नेहमीच्या वेळेला उठले, चहा उभ्यानेच प्याले, स्कूटर काढली आणि मैदानावर गेले. तिथे पोती होती, उन्हाने फाटायला लागलेली. एका कुत्र्याने त्यांतलं एक पसंत केलं होतं. मी उगाच दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले.

जुलैत भंडाऱ्याला सामने झाले. ती येऊ शकली नाही, धानाची रोवणी सुरू होती, सगळं घर चिखलात होतं. मुलींनी पहिला सामना जिंकला. आमच्या शाळेच्या मुलींनी सामना जिंकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. दुसरा हरल्या, शेवटच्या मिनिटांत. गोलकीपर मुलगी पावसात बसून रडली आणि सर तिच्याजवळ छत्री धरून उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये माझा फोन वाजला. बपेऱ्याहून सासू. मागे वाऱ्याचा आणि बायकांच्या गाण्याचा आवाज होता. काय झालं विचारलं. मी सांगितलं. तिने पहिल्या सामन्याचं सगळं पुन्हा सांगायला लावलं, कोणी गोल केला, कोणी चेंडू दिला. दुसऱ्याचं ऐकून घेतलं, म्हणाली, होते. मग म्हणाली, "सून धानाच्या बांधीत चिखलात उभी आहे, तिचे हात भरले आहेत. मी सांगतो तिले."

मी विचारलं, पुढच्या वर्षी येतील का त्या?

"पुढच्या वर्षाचं आता काय सांगू बाई," ती म्हणाली. "रोवनी त होऊ द्या."

क्रीडाशिक्षकाची जागा अजून रिकामी आहे. त्यानंतर दोन उन्हाळे झाले. एक उन्हाळा ती आली, एक उन्हाळा दुसऱ्या बाळंतपणामुळे आली नाही, त्या वर्षी तिने फोनवरून व्हिडिओ कॉल करून मुलींना पडायला शिकवलं आणि सरांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून पोस्टामागे उभं राहायचं काम केलं. मी वेळापत्रक मार्चमध्येच बसवते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते मोडतं. मग मी फोन घेऊन फाटकापर्यंत जाते, परत येते. आता बपेऱ्याच्या गाडीचे दोन ड्रायव्हर मला ओळखतात. लांबूनच हात करून सांगतात, आहेत, किंवा नाहीत.